कंसातले दळवी

दादासाहेबांनी माझ्या हातातली पत्रिका परत काढून घेतली.

दिली होती त्यांनीच. हसत, दोन्ही हातांनी. सोबत आंबा बर्फीचा बॉक्स. महाप्याच्या आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदाच आले होते. सिल्कचा झब्बा, कपाळाला बारीक गंध, आवाज मऊ. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ह्या आपल्या दळवीताई. ह्यांच्यासाठी मी ठाण्याहून आलो." आजूबाजूच्या पोरींनी माना वळवल्या. आमचा टीम लीड निखिल त्यांच्या मागे उभा होता. त्याला पण बरं वाटत होतं. इतका मोठा माणूस त्याच्या टीमचं कौतुक करत होता.

पत्रिका दळवींच्या कुलसंमेलनाची होती. तिथे माझा सत्कार करणार होते. शाल, श्रीफळ, सगळं. पाकिटावर नाव घालायचं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझं पहिलं नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत माझ्या गळ्यातलं उलटं झालेलं कार्ड त्यांनीच बोटांनी सुलटं केलं. वाचलं.

बोटं कार्डावरून लगेच सुटली. चटका बसल्यासारखी.

पेनला टोपण लावलं. परत खिशात.

"तुम्ही त्यांच्यातल्या होय," ते म्हणाले. "मग हे नाव का लावता?"

मी म्हटलं, "आमचंच आहे सर."

"पूर्वी असेल हो. आता कशाला?"

आवाज तेवढाच मऊ. तो चढला असता तर मी पण काही बोलले असते. मऊ आवाजाला काय उत्तर देणार? त्यांनी हळूच पत्रिका माझ्या बोटांमधून ओढली. "ही जरा मंडळाच्या लोकांपुरती आहे." बर्फीचा बॉक्स उचलून निखिलच्या हातात दिला. "सगळ्यांना वाटा."

निखिलने वाटला. माझ्या टेबलावर पण टिश्यूवर एक वडी ठेवली. मी तिला हात लावला नाही. सगळ्या पोरी स्क्रीनकडे बघत होत्या.  

आता माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची कंपनी एका परदेशी साइटचं काम करते. वंशावळीची साइट. लोक तिथे आपले पूर्वज शोधतात. प्रत्येक आडनावाचा एक बोर्ड असतो. सावंतांचा वेगळा, पाटलांचा वेगळा, दळवींचा वेगळा. लोक बोर्डावर चौकशी टाकतात, ओळखणारे उत्तर देतात. मी मराठी बोर्डांची मॉडरेटर, म्हणजे आलेलं वाचून मंजूर करणारी. माझ्याकडे मथळे होते. चौकशीची सगळ्यात वरची ओळ, ती मथळा. लोकांना मथळा लिहिता येत नाही. 'मदत करा' लिहितात. 'नमस्कार' लिहितात. एकाने नुसतं 'आजोबा' लिहिलं होतं. असला मथळा कोण उघडणार? मग मी चौकशी पूर्ण वाचायची आणि मथळा नीट करायचा. आडनाव, गाव, काळ, शोधताय कोणाला. 'साळवी, गुहागरकडचे, गिरणीत होते – आजोबांचे धाकटे भाऊ.' असा मथळा दिसला की गुहागरचा साळवी थांबतो. वाचतो. कधी कधी उत्तर देतो.

मला हे काम आवडायचं. खरंच आवडायचं. एका ओळीत माणूस बसवायचा. ती ओळ बरोबर बसली की कुठेतरी दोन घरं जोडली जातात. महाप्याच्या त्या एसीत बसून मी किती जणांचे चुलते, मावश्या, आजे शोधून दिले असतील.

मॉडरेटरचं पहिलं नाव बाहेर दाखवायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. पूर्वी कोणीतरी एका मुलीच्या मागे लागला होता, तेव्हापासून. म्हणून माझी सही फक्त 'दळवी'. आणि दादासाहेब दळवींच्या बोर्डाचे प्रमुख. रिटायर्ड अधिकारी. त्यांच्या मंडळाने पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ साइटवर चढवली होती, त्यामुळे साइटवाले त्यांना फार धरून होते. मॉडरेटर मुलगी आहे एवढं निखिलने त्यांना सांगितलं होतं. माझे मथळे बघून त्यांनी मेल करायला सुरुवात केली. ताई, छान. ताई, अगदी नेमकं. एकदा फोनवर मूळ गाव विचारलं. मी म्हटलं, म्हसळ्याकडचं. ते एकदम खूश. आपली एक शाखा तिकडे उतरली होती म्हणाले. तेव्हापासून मी 'आपल्या दळवीताई'.

मी काही लपवलं नव्हतं. त्यांनी धर्म विचारला नव्हता. कोणी का विचारावा?

हे नाव असंच आहे. दार उघडतं आणि मग बोटं चेमटवतं. सीवूड्सला फ्लॅट बघत होतो तेव्हा ब्रोकर फोनवर म्हणाला होता, दळवी ना, मग काय टेन्शन नाही, सोसायटी एकदम आपल्यासारखी आहे. अग्रीमेंटसाठी अब्बांचं पूर्ण नाव सांगितलं. तासाभरात फ्लॅट गेला. आम्ही अजून नेरूळलाच आहोत, सारसोळ्याच्या बाजूला. पण ब्रोकरचं मी मनावर घेतलं नव्हतं. ब्रोकर परका. दादासाहेब मला ताई म्हणत होते.

ते आले त्याच्या थोडे दिवस आधी एक चौकशी आली होती. केप टाउनहून. युसूफ नावाचा माणूस. आमच्या कोकणी लोकांपैकी पुष्कळ जण जुन्या काळी जहाजाने तिकडे गेले, तिथलेच झाले. युसूफचा आजा त्यातलाच. इंग्रजी अक्षरांत अर्धं इंग्रजी, अर्धं कोकणी लिहिलेलं. घरात पिढ्यान् पिढ्या बोलून झिजलेली कोकणी, पण कोकणीच. आजा म्हसळा तालुक्यातला, दळवी. मागे बहीण राहिली होती, हवाबी. आजा मरेपर्यंत तिचं नाव घ्यायचा. घराजवळ तळं होतं एवढं युसूफला माहीत. बहिणीचं कोणी असेल का? मथळा काय, तर 'प्लीज हेल्प'.

मी मथळा केला. 'दळवी, म्हसळा तालुका, तळ्याजवळचं घर – केप टाउनला गेलेल्या भावाची बहीण हवाबी.'

दोन दिवसांत उत्तर आलं. सुमनताई दळवी म्हणून बाई. त्याच गावातल्या, रिटायर्ड अंगणवाडी सेविका. हिंदू दळवी. त्यांनी लिहिलं होतं की हवाबी आमच्या शेजारची, तिची नि आमची भिंत एकच आहे, ती वारली पण तिची सून आहे, नातवंडं आहेत, युसूफभाईंना म्हणावं फोन करा. नंबर द्यायला तयार होत्या. त्या बाईने ते उत्तर किती जपून टाइप केलं असेल ते दिसत होतं. प्रत्येक वाक्यानंतर ओळ सोडलेली.

मी ते अप्रूव्ह केलं. युसूफने ते बघायच्या आत दादासाहेब महाप्याला येऊन गेले.

त्यानंतरच्या सोमवारी निखिलने मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. नवीन नियम आला होता. दळवी बोर्डाच्या प्रमुखांची विनंती, साइटवाल्यांनी मान्य केलेली. मुसलमान माणसाची चौकशी असेल तर मथळ्यात आडनावापुढे कंसात 'मु.' लिहायचं आणि ती चौकशी 'इतर' नावाच्या बोर्डावर हलवायची. कारण काय, तर वंशावळीत गोंधळ नको.

"आणि हे तू कर," निखिल म्हणाला. "तुला नावं लगेच कळतात ना."

त्याला वाटलं त्यात चूक काय. कामाची वाटणी. मला नावं कळतात. म्हणजे माझ्या लोकांना मीच शोधायचं, त्यांच्या कपाळावर मीच कंस काढायचा आणि मीच त्यांना हाताला धरून बाहेर नेऊन बसवायचं.

नमुना म्हणून दोन-चार त्याने स्वतः करून ठेवल्या होत्या. पहिली युसूफची. 'दळवी (मु.), रायगड – इतर.' माझी ओळ गेली. तळं गेलं, भाऊ गेला, हवाबी गेली. आणि सुमनताईंचं उत्तरही गेलं. त्या 'इतर' बोर्डाच्या सभासद नव्हत्या, म्हणून सिस्टीमने त्यांचं उत्तर लपवलं. खाली युसूफचं नवीन लिहिलेलं होतं. गावातून कोणी उत्तर दिलं नाही. मी बहुतेक चुकीच्या ठिकाणी आलो. त्रास दिला, माफ करा.

माफी. तो माफी मागत होता.

आजा मेला, त्याच्या तोंडात बहिणीचं नाव होतं. नातू समुद्रापलीकडून ते नाव घेऊन दारात उभा राहिला. आत एक बाई हात पुसत त्याला या म्हणत होती. मधे कोणीतरी दार लावलं. आणि बाहेरचा म्हणतोय, त्रास दिला, माफ करा.

पत्रिका ओढली तेव्हा मला लाज वाटली होती. खोटं कशाला सांगू? राग नव्हता, लाजच होती. माझंच काहीतरी चुकलं, आधीच सांगायला हवं होतं, असं वाटून मी घरी आले होते. युसूफची ती माफी वाचली आणि लाज संपली. एकदम संपली. माझ्या अंगातून काहीतरी तापून वर आलं. ह्या माणसाने काय केलंय म्हणून माफी मागतोय? मी काय केलं होतं?

घरी जेवताना सांगितलं. पत्रिकेचं पण सांगितलं, तोवर सांगितलं नव्हतं. अम्मा घाबरली. तिचं म्हणणं, वाद घालू नकोस, हल्ली दिवस कसे आहेत बघतेस ना, दोन अक्षरं तर लिहायची, लिही आणि गप बस. अम्माचं चूक नाही. तिने आयुष्यभर अशीच दोन-दोन अक्षरं गिळली आहेत. अब्बा जेवत राहिले. ते बेलापूरला एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. वाद त्यांना जमत नाही. सोसायटीच्या मीटिंगला पण शेवटच्या खुर्चीत बसतात. हात धुऊन आले, पुसत उभे राहिले. गावाकडचं बोलणं ते क्वचितच बोलतात. तेव्हा बोलले.

"नाव काय भाड्याचा हाय आपला? कुनी खाली कर बोलला की खाली करायचा?"

एवढंच. आणि टीव्ही लावला.

सकाळी ऑफिसात गेले आणि पहिलं काम ते केलं. युसूफची चौकशी दळवी बोर्डावर परत आणली. कंस काढला. माझा मथळा होता तसा लिहिला. सुमनताईंचं उत्तर उघडं झालं. मग 'इतर'मध्ये निखिलने ढकललेल्या बाकीच्या पण बघितल्या. एक महाडची होती, एक श्रीवर्धनची. सगळ्या परत आणल्या. एक पण मथळा चुकला नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी निखिल आला. खुर्ची ओढून बसला. तो वाईट मुलगा नाही. माझ्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने माझ्या शिफ्ट स्वतः केल्या होत्या. म्हणून तर जास्त लागलं.

"अगं, कंसच आहे ना," तो म्हणाला. "एवढं काय त्यात?"

मी म्हटलं, "मग तुझ्या नावापुढे टाकू? निखिल, कंसात हिं.?"

तो हसला. "आमच्या नावापुढे गरजच नसते ना."

बोलून गेला. आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. तोंड उतरलं त्याचं. पण बोललेलं टेबलावर पडलं होतं, आता कोण उचलणार? सगळं त्यातच होतं. त्यांच्या नावापुढे गरज नसते. ते नुसते दळवी. नुसते पाटील. नुसती माणसं. कंस आमच्यासाठी.

दुपारी कॉल लावला. मीटिंग रूममध्ये मी, निखिल आणि आमच्या मॅनेजर मॅडम. स्क्रीनवर दादासाहेब. मागे भिंतीवर तलवार आणि ढाल टांगलेली. त्यांनी पुष्कळ समजावलं. मला मुलीसारखी मानतात म्हणाले. त्यांच्या घरचा डॉक्टर आमच्यातलाच आहे म्हणाले. ईदला त्यांच्याकडे शीरखुर्मा येतो. जातपात, धर्म ते मानतच नाहीत. "पण ताई, माणुसकी वेगळी आणि वंश वेगळा. वंशात भेसळ चालत नाही."

भेसळ.

दुधात पाणी असतं, ती भेसळ. मिरचीपुडीत विटेचा चुरा. माझे अब्बा. हवाबी. युसूफचा आजा. आम्ही भेसळ.

मॅडम माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'सोडून दे' म्हणत होत्या. मी माइकचं बटण दाबलं.

"सर, पत्रिका तुमची होती. तुम्ही परत घेतलीत, मी दिली. नाव तुमच्याकडून घेतलेलं नाही. ते तुम्हाला परत मिळणार नाही. आणि हा कंस मी माझ्या हाताने कोणापुढे काढणार नाही."

आवाज चढला नव्हता. मी पण मऊच बोलले.  मॅडमनी म्युट केलं आणि मला बाहेर जायला सांगितलं.

बाहेर आले. मला कळलं होतं, आता लॉगिन जाणार. म्हणून आधी सुमनताईंना फोन लावला. त्यांची माहिती आमच्याकडे होती, पण अशी वापरायची नसते. तो नियम मला माहीत होता आणि मी तो मोडला. फोन त्यांनीच उचलला. मी कोण, कुठून, सगळं सांगितलं. युसूफला तुमचा नंबर देऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, "द्या की बाई. विचारताय काय? हवाबी माझ्या बाळंतपणाला होती." मग म्हणाल्या, माझं उत्तर दिसत नव्हतं, मला वाटलं माझंच काही चुकलं. बघा. त्यांना पण तेच वाटलं. उत्तर देणारीला वाटलं आपलं चुकलं, विचारणाऱ्याला वाटलं आपलं चुकलं. ज्याने केलं त्याला सोडून सगळ्यांना वाटलं.

मी युसूफला नंबर पाठवला. संध्याकाळपर्यंत माझं लॉगिन बंद झालं होतं.

नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर का काढलं ते लिहावं लागलं असतं. नंबर दिला म्हणून वॉर्निंग दिली आणि दुसऱ्या प्रोसेसला, म्हणजे दुसऱ्या साइटच्या कामाला टाकलं. त्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. आता मी चपला-बुटांच्या साइटवर लोकांच्या तक्रारी बघते. सोल निघाला, साइज लहान आली. निखिल लिफ्टमध्ये भेटतो. मला एकदा म्हणाला, मी मनातून तुझ्या बाजूने होतो. मी म्हटलं, मनातून असलेल्याचा मला उपयोग झाला नाही. तेव्हापासून तो जिन्याने जातो.

सुमनताईंचा मधे फोन आला. युसूफने व्हिडिओ कॉल केला होता. हवाबीच्या सुनेला मोबाइल धरून दिला, तो तिकडे रडत होता, ही इकडे. तळं पण दाखवलं त्याला. ऐकून बरं वाटलं. पण मला कोणी असं सांगू नका की शेवट गोड झाला. युसूफला मिळालं कारण एक नियम मोडला गेला. त्याची चौकशी आज परत 'इतर'मध्ये आहे, कंसासकट. महाडची पण आहे. श्रीवर्धनच्या बाईला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. माझ्या जागी नवीन मुलगी आली आहे. तिला नावं कळत नाहीत, म्हणून तिला नावांची यादी दिली आहे, असं ऐकते.

आता मी साध्या माणसासारखं साइटवर खातं उघडलंय. कुठली सही नाही, कुठली टीम नाही. माझं पहिलं नाव, अब्बांचं नाव, आडनाव, तिन्ही लिहिलीत. दळवींच्या बोर्डावर मी माझ्या पणज्याची चौकशी टाकली. मथळा नियमात बसणारा. आडनाव, गाव, काळ, शोधतेय कोणाला. त्यात बोट ठेवायला जागा नाही, मथळे करायला मीच शिकवलंय तिथल्या लोकांना. तरी ती हलवली. कंस लावला. मी परत टाकली. परत हलवली. मी परत टाकली. महाडच्या आणि श्रीवर्धनच्या लोकांना पण लिहिलंय, तुमची पण टाका, मथळा मी करून देते.

दादासाहेबांना हे दिसतं. बोर्डावर येणारं सगळं ते बघतात. बघू देत. त्यांच्या संमेलनात मला खुर्ची नको, शाल नको, त्यांच्या वंशाच्या झाडावर फांदी नको. भांडण त्याचं नाहीच. त्यांनी कंस लावावा, मी काढणार. खातं बंद करावं, मी दुसरं उघडणार. तेच नाव घालून. पहिलं नाव आधी लिहून, कार्ड सुलटं करून बघायची पाळी कोणावर येऊ नये म्हणून.

मी दळवी आहे. पुढे काही नाही.